दोनची पाळी

रात्री दोनला माझी पाळी, साडेपाचला सोल्वाची.
हल्ली गजराआधीच मला जाग येते,
तरी तो बंद करत नाही. एकदा वाजू देतो.
काट्यावर बावीस ग्रॅम मक्याचं पीठ,
वर थंड पाणी. कोमटसुद्धा नाही,
शिजलेलं पीठ पोटात टिकत नाही म्हणे.
कपाला चमचा न लावता ढवळणं
माझे हात आपले आपणच शिकले.

ब्रेस्टिर डोळे उघडत नाही.
मान उचलून धरली की पितो,
बाटलीवरच्या कोकरासारखा, मधेच थांबत,
मग आठवल्यासारखा पुन्हा.
ओठांवर पांढरी मिशी.
चार वर्षांत एकही रात्र तो सलग झोपलेला नाही
आणि त्याला हे ठाऊक नाही.

कोपनहेगनच्या डॉक्टरीणबाईंनी यकृत काढून दाखवलं होतं,
बटाट्यासारखं दिसत होतं.
साखर साठते, म्हणाल्या, भरपूर साठते,
बाहेर तेवढी येत नाही.
कोठार भरलेलं, किल्ली नाही.
सोल्वा वहीत उतरवून घेत होती.
मला मात्र फॅरोमधलं आमचं गाव दिसत होतं :
चाळीस उंबरे, एकाही दाराला कुलूप नाही.
मटण वाळवायच्या खोपीला तर भिंतही धड नाही,
वारा आत-बाहेर करावा म्हणून मुद्दाम ठेवलेल्या फटी.
सगळ्या गावात कुलूप एकच,
ते याच्या पोटात.

बालवाडीत कुणाचा तरी वाढदिवस होता.
केक पुढे आला तेव्हा हा म्हणाला,
"नको, माझं पोट विसरभोळं आहे."
आम्ही नव्हतं शिकवलं.
मार्युनचंच काम, ती नऊ वर्षांची आहे.

एकदाच गजर चुकला. चाळीस मिनिटं.
हेलिकॉप्टर, तोर्शव्हान, सोल्वाच्या पायांत माझे बूट.
त्याबद्दल मी लिहिणार नाही.

गेल्या रविवारी एल्स्पाआत्या कॉफीला आली,
माझ्या आजोबांची बहीण, एक्याण्णव वर्षांची.
ओट्यावरचा कप तिनं नाकाशी धरला.
"पिठाचं पाणी," म्हणाली.
"आमची आई द्यायची हान्सला. जवाचं. रात्री उठून.
गाव हसायचं, पोरगं लाडावून ठेवलंय म्हणून.
पण त्याच्या आधीची तीन झोपेतच गेली होती ना."
आणि तिनं बिस्कीट कॉफीत बुडवलं.

हान्स म्हणजे माझे आजोबा.
बोटीवर, चर्चमध्ये, मेंढ्यांमागे डोंगरावर,
कोटाच्या खिशात कायम पावाचा तुकडा.
उशाखालीसुद्धा.
आम्ही पोरं त्यांना खादाड म्हणायचो,
त्यांच्या पाठीमागे, आणि एकदा तोंडावर.
ते पावाचा चुरा झटकत हसले होते.

सोमवारी चर्चची वही काढायला लावली.
अन्ना. याकुप. मग पुन्हा याकुप,
पहिल्याचं नाव दुसऱ्याला दिलेलं.
कारणाच्या रकान्यात तिघांपुढे एकच शब्द :
रात्री.
चौथ्या ओळीत हान्स, आणि त्याच्यापुढे रकाना मोकळा.

ती बाई कशी उठत असेल?
गजर नाही, काटा नाही,
कुणी चित्र काढून दाखवलेलं नाही.
चुलीतला विस्तव विझलेला.
तीन मुलं पुरून झाल्यावर
तिला एवढंच कळलं होतं की याला भूक लागते,
आणि तो रडत नाही.

जून आहे. दोन वाजताही खिडकीत उजेड,
कुंपणापाशी मेंढ्या रवंथ करताहेत.
कागदावर लिहितो : २.०४, सगळं प्यायला.
कप विसळताना तळाशी उरलेलं पीठ
सिमेंटसारखं बसलेलं असतं,
नखानं खरवडावं लागतं.
साडेपाचचा कप सोल्वासाठी पालथा घालून ठेवतो.
काटा शून्यावर आणतो.